भीती बॅटरीची, घात धुळीचा

‘बॅटरी गेली की गाडी गेली.’ जुनी हायब्रिड घेऊ का, असं कुणीही विचारलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. हे सांगणाऱ्या मेहुण्याने बॅटरी गेलेली हायब्रिड बहुधा कधी पाहिलेली नसते. दुसऱ्या बाजूला वापरलेल्या गाड्यांचा विक्रेता असतो. ‘साहेब, बॅटरीचं टेन्शनच घेऊ नका, कंपनीची आठ वर्षांची वॉरंटी आहे.’ दोघांचंही ऐकू नका. पहिल्याची भीती पोकळ आहे आणि दुसऱ्याचा दिलासा अर्धवट आहे. या दोघांच्या मध्ये जो ग्राहक आयुष्याची पुंजी हातात घेऊन उभा आहे, त्याला खरी माहिती द्यायला कुणीच तयार नाही. माझा राग या गोष्टीचा आहे.

विषय आत्ताच काढतोय, कारण माल आत्ता बाजारात येतोय. मे २०२२ मध्ये होंडाची सिटी ई:एचईव्ही आली. त्याच वर्षी टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा आली, पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस. त्याआधी आपल्याकडे हायब्रिड म्हणजे श्रीमंतांची हौस होती. २००८ मध्ये होंडाने सिव्हिक हायब्रिड साडेएकवीस लाखांना आणली, ती फारशी कुणी घेतली नाही आणि काही महिन्यांतच किंमत लाखांनी उतरवावी लागली. मग थोड्या प्रियस आल्या, आणि २०१३ पासून बिडदीच्या कारखान्यात जुळणी होणारी कॅमरी. आता मात्र त्या २०२२-२३च्या गाड्यांचे पहिले मालक कर्जाचे हप्ते संपवून पुढची गाडी बघायला लागले आहेत. दुसरा मालक पगारदार माणूस असणार आहे. त्याला एक चूक परवडणार नाही.

आधी भीतीचं बघू. प्रियस जपानमध्ये १९९७च्या डिसेंबरात विक्रीला आली. म्हणजे या तंत्राला पाव शतकाहून जास्त काळ लोटला आहे आणि पुरावा भरपूर आहे. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०११ मध्ये २,०६,००० मैल, म्हणजे ३ लाख ३० हजार किलोमीटरच्या वर धावलेली २००२ची प्रियस तपासली. त्यांच्याकडे तशाच नव्या गाडीचे दहा वर्षांपूर्वीचे आकडे होते. तेव्हाचं अ‍ॅव्हरेज गॅलनला ४०.६ मैल, या म्हाताऱ्या गाडीचं ४०.४. मंगोलियात उलानबातरच्या रस्त्यावर जपानमधून आलेल्या जुन्या प्रियस इतक्या आहेत की त्या शहराची ओळखच झाल्या आहेत. उणे तीस अंशांच्या थंडीत सकाळी चालू होणारी गाडी म्हणून तिथल्या लोकांनी त्या घेतल्या. कुणाच्या तरी मेहुण्याचं ऐकून घेतल्या नाहीत.

हे टिकतं कसं, याचं उत्तर साधं आहे. आपण मोबाइल शून्यापर्यंत उतरवतो आणि शंभरपर्यंत भरतो. हायब्रिडचा संगणक बॅटरीला तसं कधीच करू देत नाही, साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवतो. शिवाय बॅटरी लहान असते. हायरायडरची जेमतेम पाऊण किलोवॉट-तासाची आहे, म्हणजे घरातल्या साध्या गीझरला अर्धा तासही पुरणार नाही एवढी. तिचं काम गाडी शंभर किलोमीटर ओढण्याचं नाहीच. ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद साठवायची आणि सिग्नल सुटला की परत द्यायची, एवढंच.

टोयोटाच्या पद्धतीत तर नेहमीच्या गाडीतले अर्धे त्रासदायक भागच नाहीत. स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. गिअरबॉक्सला लोक सीव्हीटी म्हणतात, पण साध्या सीव्हीटीत झिजणारा पट्टा असतो तसा इथे नाही. ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या दातेरी चाकांचा एक संच, दोन विद्युत मोटरी आणि इंजिन एकमेकांना जोडलेलं. जे नाही ते बिघडत नाही. ब्रेक पॅडही दुप्पट टिकले तर आश्चर्य नको, कारण वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते.

पण म्हणून सगळ्याच हायब्रिड सारख्या, असं म्हणणाऱ्यालाही थांबवायला हवं. त्या सिव्हिक हायब्रिडच्या बॅटऱ्या अमेरिकेत लवकर दमल्या. २०१० मध्ये होंडाने सॉफ्टवेअर बदलून बॅटरीवरचा भार कमी केला, तेव्हा अ‍ॅव्हरेज आणि जोर घटल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. २००९ ते २०१५ या काळातली तिसऱ्या पिढीची प्रियस तर डोळे उघडणारी आहे. तिच्यात धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारी ईजीआरची वाट काजळीने तुंबते, सिलिंडरमधलं तापमान वाढतं आणि हेड गॅस्केट जातं. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या, त्या बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या इन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरमुळे. ज्या गाडीच्या बॅटरीला सगळे घाबरत होते, तिचा दोष इंजिनात आणि इन्व्हर्टरमध्ये निघाला.

म्हणून ‘हायब्रिड टिकते का?’ हा प्रश्नच कच्चा आहे. कुठली, कुठल्या वर्षाची, कुणी वापरलेली, हे विचारा.

आता घाताचं बघू. आपल्याकडच्या हायब्रिडची बॅटरी सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असते आणि ती गाडीच्या आतल्या हवेवर थंड होते. सीटच्या बाजूला एक जाळी असते, आत पंखा असतो. तो केबिनमधली हवा ओढून बॅटरीवर सोडतो. या वाटेवर धुळीसाठी एक फिल्टर असतो. तो साफ करायला कुशल माणसाला काही मिनिटं लागतात. आणि हीच गोष्ट वर्षानुवर्षं कुणी करत नाही.

पुण्यात कुठल्याही उपनगरात जा. एका बाजूला मेट्रो, दुसरीकडे टॉवर, तिसरीकडे रस्त्याची खोदाई. ती धूळ केबिनमध्ये येते आणि जाळीत बसते. त्या जाळीसमोर कुणी मुलांची दप्तरं टेकवतं, कुणी चटई, कुणी पाळलेल्या कुत्र्याला बसवतं. पंखा ओढून ओढून दमतो, बॅटरी तापते. बॅटरीतले कितीतरी सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, हायक्रॉसमध्ये १६८. त्यातल्या मधल्या, जिथे हवा कमी पोचते, त्या सेलना सगळ्यात जास्त चटका बसतो. एक सेल मागे पडला की बाकीच्या निरोगी सेलनाही त्याच्यापुरतंच चालावं लागतं. संगणक बॅटरीचा वापर आखडता घेतो, इंजिन जास्त वेळ चालू राहतं, अ‍ॅव्हरेज घसरतं. मालक पेट्रोल पंपाला शिव्या देतो. वर्षभराने डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मेहुणा विजयी मुद्रेने म्हणतो, ‘मी सांगितलं होतं ना!’ बॅटरी आपण मारलेली असते.

सर्व्हिसिंगच्या बिलात ऑइल, फिल्टर, व्हील अलाइनमेंट, आतून सुगंधी फवारा, सगळं असतं. बॅटरीच्या पंख्याच्या जाळीची ओळ शोधा. नसेल तर काउंटरवर उभं राहून विचारा आणि पुढच्या वेळी ते काम लेखी लिहून घ्या. इन्व्हर्टरसाठी कूलंटची टाकी वेगळी असते, इंजिनच्या टाकीपासून अलग. ती कुणी बघितली का, हेही विचारा. इतके पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला हे दोन प्रश्न विचारावे लागतात, ही सर्व्हिस सेंटरसाठी लाजेची गोष्ट आहे.

दुसरा घात उभं राहण्याचा. ‘साहेबांनी वापरलीच नाही, बघा, चार वर्षांत फक्त अठरा हजार किलोमीटर.’ साध्या गाडीत हे कौतुक ठरेल. हायब्रिडमध्ये हे ऐकलं की सावध व्हा. गाडी महिनोन्‌महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली की मोठी बॅटरी हळूहळू उतरते आणि तिला चार्जरला लावायची सोय नसते. तिला भरणारं इंजिनच बंद असतं. त्याआधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी जाते. ही छोटी बॅटरी संगणकाला जागं करते. ती मेली की मोठी बॅटरी ठणठणीत असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. रस्त्यावर अडकलेल्या हायब्रिडचा आजार पुष्कळदा एवढाच निघतो. काही हजारांत भागणाऱ्या कामासाठी लोक लाखांच्या बॅटरीचं सुतक पाळतात. ब्रेकचंही तेच. पॅड झिजत नाहीत हे खरं, पण डिस्कवर गंज चढतो, कॅलिपर आखडतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हे जास्त. तेव्हा पॅडची जाडी दाखवून खूश करणाऱ्याला चाक काढून कॅलिपरची पिन हलवून दाखवायला सांगा.

तिसरा घात अर्धवट माहितीच्या हातांचा. इथे मी गॅरेजवाल्याच्या बाजूने बोलणार आहे.

हायब्रिडच्या एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, पट्ट्यावर नाही. त्यात वीज रोखून धरणारं खास तेल लागतं. मेकॅनिकने नेहमीच्या एसीचं तेल भरलं तर कॉम्प्रेसरच्या आतली विद्युत गळती गाडीचा संगणक पकडतो आणि गाडी चालू व्हायला नकार देऊ शकते. थंड हवेसाठी गॅरेजमध्ये नेलेली गाडी टोइंगवर परत. आणि टोइंग करतानाही ज्या चाकांना मोटर जोडलेली, ती जमिनीवर फिरवत ओढायची नाहीत, कारण चाक फिरलं की मोटर वीज तयार करायला लागते. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की तिथे शेकडो व्होल्ट आहेत, सर्व्हिस प्लग काढून ठरलेला वेळ थांबल्याशिवाय हात लावायचा नाही. नाक्यावरच्या मेकॅनिकला हे कुणी शिकवलं? ज्याने हयातभर मारुती ८०० पासून डिझेल इनोव्हापर्यंत सगळं उघडून जोडलं, त्या माणसाला कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक मिळत नाही, तपासणीचं सॉफ्टवेअर मिळत नाही, सुटे भाग मिळाले तर नशीब. आणि मग ‘बाहेर दाखवलंत तर वॉरंटी जाईल’ हा धाक आहेच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. पोर्टलवर ग्राहक सेवेचे पत्ते मिळतात. मेकॅनिकला ज्ञान मिळत नाही. वॉरंटी संपल्यावरची दहा वर्षं ही गाडी त्याच्याच हातात जाणार आहे, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे.

ज्ञान नसलं की जुगाड सुरू होतो. निकेल-मेटल हायड्राइडच्या जुन्या बॅटरीतला मेलेला मॉड्यूल काढून दुसऱ्या भंगार बॅटरीतला बसवतात आणि ‘बॅटरी रिकंडिशन’ म्हणून विकतात. दिवा विझतो. पण शेजारचे मॉड्यूल तितकेच थकलेले असतात. काही महिन्यांत दुसरा जातो, मग तिसरा. विकणाऱ्याला एवढंच हवं असतं की सौदा होईपर्यंत दिवा लागू नये. त्याहून स्वस्त लबाडी म्हणजे स्कॅनर लावून चुकांच्या नोंदीच पुसणं. हिला मात्र पकडता येतं. नोंदी पुसल्या की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या ‘अपूर्ण’ दिसायला लागतात आणि गाडी बऱ्यापैकी चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. साध्या ओबीडी स्कॅनरवर हे दिसतं. रोज वापरात असलेल्या गाडीत सगळ्याच तपासण्या अपूर्ण असतील तर विचारा, काल रात्री काय पुसलं?

पुराचं पाणी लागलेल्या गाडीबद्दल मी सौम्य बोलू शकत नाही. २५ जुलै २०२४ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं, गाड्या बुडाल्या. मुंबईला तर २६ जुलै २००५ सांगायलाच नको. साधी गाडी पाण्यातून वाचू शकते. हायब्रिडच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी पाणी पोचलं की बॅटरीच्या जोडण्यांवर हिरवट गंज चढतो आणि तो वर्षभराने बोलतो. अशी गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात जाते. सीटचे खालचे नट, पट्ट्याचं शेवटचं टोक, स्टेपनीचा खड्डा बघा आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा. न सांगता अशी गाडी विकणं ही फसवणूक आहे, धंद्यातली हुशारी नव्हे.

आणखी एक फसवणूक उघड्यावर चालते. जाहिरातीत ‘हायब्रिड’ लिहिलं म्हणून धावू नका. मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगावर २०१५ पासून एसएचव्हीएसचा बिल्ला येऊ लागला. त्यात इंजिनला थोडा हात देणारा आणि सिग्नलला ते बंद-चालू करणारा जनरेटर आहे, विजेवर गाडी एक पाऊलही चालत नाही. गाडी म्हणून वाईट नाही, पण तिचा भाव हायब्रिडचा लावणं वाईट आहे. ग्रँड व्हिटारा तर दोन्ही रूपांत विकली गेली. स्ट्राँग हायब्रिडचं, म्हणजे विजेवरही चालणाऱ्या गाडीचं, कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज २७.९७, नुसता हात देणारा जनरेटर असलेल्या पेट्रोल मॅन्युअलचं २१.११, दोघी बाहेरून बहिणी. २०२२-२३च्या गाड्यांत झेटा प्लस आणि अल्फा प्लस या स्ट्राँग. आरसी बघा, क्लचचं पेडल बघा, बटण दाबल्यावर इंजिन न लागता ‘रेडी’ येतं का बघा.

आणि एवढं सगळं झाल्यावर स्वतःचा हिशेब मांडा. समजा पेट्रोल १०५ रुपये, साधी गाडी लिटरला १५ देते, हायब्रिड २२. वर्षाला २५ हजार किलोमीटर शहरात फिरणाऱ्याचे ५५ हजार रुपये वाचतात. वर्षाला सहा हजार फिरणाऱ्याचे तेरा हजार. हायब्रिडसाठी दोन-अडीच लाख जास्त मोजून तेरा हजार वाचवणारा माणूस पैसे तर गमावतोच, शिवाय गाडी उभी ठेवून बॅटरीही मारतो. रविवारी देवदर्शन आणि दिवाळीला गाव, एवढाच वापर असेल तर चांगली जुनी पेट्रोल गाडी घ्या. द्रुतगती मार्गावरच जास्त चालवणार असाल तरी फरक आटतो, कारण या तंत्राची कमाई ब्रेक आणि सिग्नलमध्ये आहे. स्वारगेट ते हिंजवडी रोज करणाऱ्याने मात्र जरूर घ्यावी.

आता त्या आठ वर्षांच्या वॉरंटीकडे. टोयोटा, मारुती, होंडा तिघांचीही हायब्रिड बॅटरीवरची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी येईल ते. घड्याळ पहिल्या मालकाच्या खरेदीपासून चालू होतं. २०२२ची गाडी २०२६ मध्ये घेतलीत तर तुमच्या वाट्याला अर्धीच येते. ट्रॅव्हल्सला लावलेली हायक्रॉस असेल तर किलोमीटर वर्षांच्या कितीतरी आधी संपतात. सर्व्हिसच्या नोंदी तुटक असतील, कुणी बाहेरून वायर कापून ॲम्प्लिफायर बसवला असेल, तर दावा नाकारायला कारण तयार असतं. म्हणून पैसे देण्याआधी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, बॅटरीची तपासणी करून लेखी अहवाल घ्या, वॉरंटी शिल्लक आहे का ते चासी नंबरवरून लिहून मागा, आणि बॅटरी बदलायची झाली तर आजचा भाव किती, तेही कागदावर घ्या. विक्रेता ‘त्याची काय गरज, माझा शब्द आहे ना’ म्हणाला तर उठून निघा.

पण हे सगळं ग्राहकानेच का करायचं? वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम आणले, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहेत. त्यात विक्रेत्याला परिवहन कार्यालयाचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गाडी त्याच्या ताब्यात आल्याचं कळवावं लागतं. ग्राहकाला चाचणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी गाडी बाहेर काढली तर कशासाठी, कोणी चालवली, किती वाजता, किती किलोमीटर, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवावी लागते. म्हणजे चहाच्या टपरीपर्यंत गेलेल्या फेरीची नोंद कायद्याला हवी आहे. गाडीतल्या बॅटरीसारख्या महागड्या भागाची अवस्था काय, याबद्दल कायदा गप्प आहे. आकडे गाडीच्या संगणकात पडलेले आहेत: सेलच्या गटांच्या व्होल्टेजमधला फरक, तापमान, पंख्याचा वेग. काढायला कंपनीच्या यंत्रावर थोडा वेळ लागतो. मालकी बदलताना फॉर्म २९ आणि ३० भरून घेतातच. हायब्रिडच्या बाबतीत त्यांना या आकड्यांचा एका पानाचा अहवाल जोडणं सक्तीचं करा, आणि तो काढण्याचं यंत्र व प्रशिक्षण शुल्क घेऊन का होईना बाहेरच्या गॅरेजलाही द्या.